हेडफोन घेताय? ‘खरा’ आवाज हवा असणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी छोट्या बैठकींचं ध्वनिमुद्रण करतो आणि मिक्सिंग, म्हणजे वाद्यांच्या आणि गळ्याच्या पातळ्या जुळवणं, घरीच, रात्री, हेडफोन लावून करतो. त्यामुळे गाणं शिकणारी मुलं, त्यांचे पालक, तबलजी मित्र आणि वरच्या मजल्यावरचे काका, सगळे हेडफोनबद्दल मलाच विचारतात. प्रश्न तेच ते असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

‘अचूक आवाज’ म्हणजे काय? गोड लागला की झालं ना?

ऐकायलाच घेणार असाल तर झालं. गोड लागतो तो घ्या आणि हे पान बंद करा.

अचूक म्हणजे मुद्रणात जे आहे तेच कानात येणं, कमी नाही की जास्त नाही. भाजीत मीठ किती पडलंय ते सांगणारी जीभ आपल्याला हवी असते. बाजारातले बरेच हेडफोन वरून चिमूटभर मीठ टाकूनच वाढतात, विशेषतः बेसचं.

हे मी फजिती होऊन शिकलो. एका तबलावादनाचं मिक्सिंग मी बेस फुगवणाऱ्या हेडफोनवर केलं. कानात डग्गा इतका घुमत होता की मी त्याची पातळी दोनदा खाली ओढली. दुसऱ्या दिवशी वादकाच्या घरी साध्या स्पीकरवर लावलं, तर चाटीवरचा ‘ना’ टणटणीत आणि डग्गा जवळजवळ गायब. ते शांतपणे म्हणाले, “त्या दिवशी माझा डावा हात बांधून ठेवला होता का हो?” सगळं मिक्सिंग पुन्हा करावं लागलं.

मग आलेखात सरळ रेष असलेला ‘फ्लॅट’ हेडफोन घ्यायचा का?

हा आलेख म्हणजे खालच्यापासून वरच्यापर्यंत कोणता सूर किती जोराने वाजतो याची रेष. स्पीकरच्या बाबतीत ‘फ्लॅट’ला सरळ अर्थ आहे. हेडफोनच्या बाबतीत नाही. समोरून आवाज येतो तेव्हा तो खांदे, डोकं आणि कानाची पाळी यांना आपटून आत शिरतो. कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. अशी नळी ३ किलोहर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते. म्हणजे अगदी सपाट स्पीकरचा आवाजही पडद्यापाशी पोचेपर्यंत तिथे चांगलाच उंचावलेला असतो आणि मेंदूला तेच ‘सामान्य’ वाटतं. हेडफोन ही वाट बरीचशी टाळून थेट कानाशी वाजतो, म्हणून तो उंचवटा त्याने स्वतः द्यावा लागतो. पडद्यापाशी मोजून सरळ रेष देणारा हेडफोन कानाला मात्र मातीच्या माठातून आल्यासारखा लागेल.

तो उंचवटा नेमका किती असावा यावर बरीच वर्षं वाद चालू होता. २०१३च्या सुमारास हार्मन कंपनीतले शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांना मॉडेलचं नाव न कळू देता चाचण्या घेतल्या. त्यातून जी रेषा निघाली ती ‘हार्मन टार्गेट’. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे ऐकू येतात त्याच्या जवळ जाणारी ही रेषा आहे. ती देववाणी नाही, बऱ्याच लोकांना पटलेली सरासरी आहे. मला तिच्यातला बेस किंचित जास्त वाटतो, पण तुलनेला टेकू म्हणून तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

आलेख पाहून हेडफोन निवडता येतो का?

चाळणी लावण्यापुरता येतो. पन्नास मॉडेलांतून पाच बाजूला काढायला आलेख उत्तम. पण दोन वेगळ्या ठिकाणचे आलेख शेजारी ठेवू नका. मोजायला वापरलेलं कृत्रिम डोकं वेगळं असलं की रेषा बदलते. आणि ८-१० किलोहर्ट्झच्या वरच्या शिखरं-दऱ्या फार मनावर घेऊ नका. तिथे इअरकप चार मिलिमीटर सरकला तरी चित्र पालटतं, आणि तुमचा कान त्या कृत्रिम कानासारखा असेलच असंही नाही.

ओपन-बॅक की क्लोज्ड-बॅक?

क्लोज्ड-बॅकमध्ये कपाची मागची बाजू बंद असते, ओपन-बॅकमध्ये जाळीची. आतला आवाज बाहेर निसटतो, आत घुमत नाही, त्यामुळे मोकळा आणि नैसर्गिक लागतो. अचूकतेसाठी बहुतेक जण ओपनच सुचवतात, मीही सुचवतो.

पण एक गोष्ट परदेशी चाचण्यांत कुठे लिहिलेली नसते: डोक्यावरचा पंखा. एप्रिल-मेमध्ये पंखा चारवर ठेवून ओपन-बॅक लावा आणि तानपुऱ्याचा शेवटचा झंकार विरताना ऐकायचा प्रयत्न करा. झंकाराआधी पंखाच ऐकू येईल. त्यात शेजारच्या कुकरची शिट्टी. मी रात्री साडेदहानंतर पंखा बंद करून काम करतो, घामाने निथळतो, पण ऐकू येतं. हे जमणार नसेल तर क्लोज्ड घ्या आणि मनात किंतु ठेवू नका. माइकसमोर गाणाऱ्यालाही क्लोज्डच द्यायचा, नाहीतर कानातला तानपुरा गळ्याच्या मुद्रणात उतरतो.

मॉडेलची नावं सांगा की!

सांगतो, पण ही माझी आवड-निवड आहे आणि दर दुकानागणिक बदलतात.

सेनहायझर एचडी ६०० हा १९९७पासून चालत आलेला ओपन-बॅक. आवाजाची मधली पट्टी, जिथे माणसाचा गळा, सारंगी आणि हार्मोनियम राहतात, ती इतकी सरळ देणारे हेडफोन थोडे आहेत. अगदी खालचा बेस मात्र उतरत जातो. पॅड, केबल, डोक्यावरची गादी, सगळे सुटे भाग मिळतात, म्हणून माझा अजून चालू आहे. त्याच घरातला एचडी ५६०एस तुलनेने स्वस्त, खाली जास्त खोल जाणारा, वर जरासा धारदार. पहिला ‘गंभीर’ हेडफोन म्हणून मी हल्ली हाच सांगतो.

क्लोज्डमध्ये सोनीचा एमडीआर-७५०६ जगभरच्या स्टुडिओंत दिसतो. १९९१पासून आहे. गुंडाळीची केबल, कानशिलावर निळी पट्टी. आवाज थोडा कडक, पण मुद्रणातली खरखर, ‘प’ला बसलेला फुंकरीचा ठोका, श्वास, सगळं चहाडखोरासारखं सांगतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो तासन्‌तास घातला तरी टोचत नाही, कारण पॅड मखमली आहेत. मात्र वरच्या पट्टीत त्याची झांज जरा जास्तच चमकते. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सचं नाव मोठं आहे. मला त्याच मालिकेतला एम४०एक्स जास्त सरळ वाटतो आणि तो स्वस्तही आहे.

बजेट दोन-तीन हजारांचं असेल तर मोठा हेडफोन घेऊच नका. त्या पैशांत आज वायरवाले इन-इअर, म्हणजे कानाच्या आत बसणारे, कितीतरी सरस मिळतात. मूनड्रॉप चू हा त्यांतलाच एक छोटा, धातूचा. योग्य टिप, म्हणजे टोकाची मऊ टोपी, बसली तर त्याची रेषा पाहून महागडे हेडफोन लाजतील. टिप बसली नाही तर बेस गायब होतो आणि लोक ‘फालतू आहे’ म्हणून मोकळे होतात. डब्यातल्या सगळ्या मापांच्या टिप लावून बघा. दोन कानांना दोन वेगळी मापं लागणंही नवलाचं नाही.

३२ ओहम, २५० ओहम, ३०० ओहम: जास्त म्हणजे चांगला का?

नाही. ओहम म्हणजे हेडफोन विजेला करतो तो अडथळा, म्हणजेच इम्पिडन्स. आणि ‘जास्त ओहम म्हणजे मोठा ॲम्प (हेडफोनला ताकद पुरवणारं यंत्र) हवाच’ हेही अर्धसत्य आहे. गणित करून बघू, सोपं आहे.

डीटी ७७० प्रोचा २५० ओहमचा प्रकार १ मिलिवॅटला सुमारे ९६ डेसिबल देतो. २५० ओहममध्ये १ मिलिवॅट जायला अर्धा व्होल्ट लागतो. व्होल्टेज दुप्पट केलं, म्हणजे १ व्होल्ट, की शक्ती चौपट होते आणि आवाज ६ डेसिबलने वाढून १०२वर जातो. एक व्होल्ट तर चांगला छोटा डोंगलही, म्हणजे फोन आणि हेडफोन यांच्यामध्ये लावायचा जोडही, देतो.

आता हायफायमनचा एचई४००एसई घ्या. ओहम फक्त २५, पण १ मिलिवॅटला आवाज ९१ डेसिबल. त्याला १०२पर्यंत न्यायचं तर ११ डेसिबल जास्त, म्हणजे साडेबारा मिलिवॅट लागतात. ओहम दहापट कमी, शक्ती तिप्पट जास्त! त्यामुळे नुसते ओहम बघून काही कळत नाही. शेजारचा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक विजेवर किती डेसिबल मिळतात त्याचा, आकडा बघा, आणि तो मिलिवॅटला दिलाय की व्होल्टला हेही बघा. इथेच लोक फसतात.

डॅक आणि ॲम्प वेगळे घ्यावेत का?

डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारा भाग. पण आधी हेडफोन घ्या. फोन किंवा लॅपटॉपवर लावा. कपाळाला आठ्या न घालता पुरेसा मोठा आवाज मिळतोय, मागे सूं-सूं नाही, माउस हलवल्यावर किरकिर येत नाही? मग पैसे खिशात राहू द्या. काही कमी वाटलं तर यूएसबी-सीचा छोटा डोंगल. ॲपलचा डोंगल मोजमापांत स्वच्छ निघालेला आहे आणि तो अंगठ्याएवढा आहे. काही अँड्रॉइड फोनवर मात्र तो पूर्ण आवाज देत नाही, तेवढं घेण्याआधी पाहा.

पंचवीस हजारांचा डॅक आणि पाच हजारांचा हेडफोन अशी जोडी मी प्रत्यक्ष पाहिली आहे. घोड्यापेक्षा खोगीर महाग! दोन हेडफोनांतला फरक आजीलाही कळतो. दोन बऱ्या डॅकमधला फरक, आवाजाची पातळी सारखी करून आणि डोळे झाकून, मला आजवर ओळखता आलेला नाही.

एक तांत्रिक गोष्ट मात्र खरी आहे: ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे ॲम्पचे स्वतःचे ओहम. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा असा ठोकताळा आहे. जुन्या रिसीव्हरांच्या हेडफोन जॅकला तो १०० ओहमच्या वरही असू शकतो. एचडी ६००चे ओहम सगळीकडे ३०० नसतात, १०० हर्ट्झच्या जवळ ते ५००पर्यंत चढतात. १२० ओहमच्या जॅकवर लावलात तर त्या जागी साधारण १ डेसिबलचा फुगवटा येतो. ऐकायला ऊबदार, पण तो मुद्रणातला नव्हे. अनेक ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे भाग, असलेल्या इन-इअरमध्ये हा प्रकार याहून वाईट असतो.

केबल बदलल्याने फरक पडतो?

आवाजात नाही. सुटी होणारी केबल मात्र जरूर बघा, कारण हेडफोन मरतो तो बहुतेकदा जॅकजवळच्या वाकामुळे.

ब्लूटूथ चालेल का?

बसमध्ये, स्वयंपाक करताना, पर्वतीवर फिरायला जाताना खुशाल. सीडीचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिट असतो, तर ब्लूटूथसाठी आवाज आकसणाऱ्या पद्धतींत, म्हणजे कोडेकांत, एलडीएसी जास्तीत जास्त ९९० आणि साधा एसबीसी सव्वातीनशेच्या आसपास. ऐकताना कोडेकचा फरक लोक समजतात त्यापेक्षा कमी जाणवतो. खरी अडचण वेगळी आहे. बिनवायरच्या हेडफोनमध्ये आत एक प्रोसेसर बसलेला असतो आणि तो आवाजाला कंपनीच्या आवडीचं वळण देत असतो. नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा गोंगाट मारणारी सोय) चालू-बंद केलं की काही मॉडेलांचा सूरच बदलतो. मग मिक्सिंग कशाच्या भरवशावर करायचं?

रियाजासाठी किंवा मुद्रणाच्या वेळी कानात लावायला तर अजिबात नको. आवाज काही दशांश सेकंदाने उशिरा येतो. तबल्याची सम कानात पडेपर्यंत तुम्ही पुढच्या मात्रेवर गेलेले असता.

हाय-रेझ फाइल घ्यायलाच हव्यात का?

हाय-रेझ म्हणजे सीडीपेक्षा जास्त बारकाईने साठवलेली फाइल. ऐकण्यासाठी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे सीडीएवढं, पुरतं. त्यात ९६ डेसिबलचा पल्ला मावतो. इतकी शांतता तुमच्या घरात नसते. मुद्रण करताना मात्र २४ बिट ठेवा, म्हणजे पातळी खाली ठेवूनही काम बिघडत नाही.

दुकानात पाच-दहा मिनिटांत हेडफोन कसा पारखू?

दुकानदार जे वाजवेल ते ऐकू नका. तो हेडफोनला शोभेल असंच वाजवतो. आपलं पाठ असलेलं मुद्रण घेऊन जा. मी चार गोष्टी नेतो.

पहिला तानपुरा. पुरुषाच्या काळी एकचा. जोडीच्या तारा १३९ हर्ट्झच्या जवळ, खर्ज ६९वर. घोडीवर तारेखाली दोरा, म्हणजे जवारीचा जीव, नीट बसलेला असला की प्रत्येक तारेतून वरच्या सुरांची माळ उलगडत जाते. ती ओघाने सरकली पाहिजे. हेडफोनला एखाद्या जागी टोकदार शिखर असेल तर त्या जागेवर आली की माळेतला एकच मणी ‘टिंग’ करून डोळ्यांत भरतो, दर आवर्तनाला, त्याच ठिकाणी. दोन मिनिटं ऐका, चुकणार नाही. आणि एक सावधगिरी: खर्जाचा मूळ ६९चा सूर हेडफोनने दिलाच नाही तरी वरच्या सुरांवरून मेंदू तो भरून काढतो. म्हणून ‘खर्ज ऐकू आला’ एवढ्यावर बेस पास करू नका.

बेससाठी डग्गा. मनगटाने घीस काढताना सूर खालून वर चढतो, तो सगळ्या वाटेवर सारख्याच जोराचा लागला पाहिजे. मध्येच फुगला तर समजा, बेस ‘चढवलेला’ आहे. तबल्यावर ‘ना’ आणि ‘तिं’ यांचा सूर स्पष्ट वेगळा कळावा. शाईमुळे तबल्याचे वरचे सूर मूळ सुराशी जुळतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवून दिलं होतं. चांगल्या हेडफोनवर ते जुळणं ऐकू येतं. वाईटावर नुसता ठोका.

तिसरा, ओळखीचा माणूस बोलताना. मी फोनवर टिपलेलं आमच्या हिचं बोलणं लावतो. तो आवाज रोज ऐकतो, त्यामुळे नाकातला झाला, छातीतला झाला की लगेच कळतं.

चौथा, एकाच वाहिनीवरचा म्हणजे मोनो गळा. तो डोक्याच्या मधोमध बसला पाहिजे. डावीकडे ओढला गेला तर हेडफोन उलटा घालून बघा. ओढ उजवीकडे गेली तर दोष हेडफोनचा, तशीच राहिली तर कानाच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या.

दोन मॉडेलांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणा. एक डेसिबल मोठा असलेला हेडफोन नेहमीच ‘जास्त खुला’ वाटतो, आणि विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

मला चष्मा आहे. फरक पडेल का?

पडेल, आणि बराच. चष्म्याची काडी पॅड आणि कानशील यांच्यामध्ये फट ठेवते, तिथून क्लोज्ड हेडफोनचा बेस गळतो. मोठ्या कुड्या, जाड वेणी, दाढी यांचंही तेच. ओपन-बॅकमध्ये हे कमी जाणवतं. बारीक काडीचा चष्मा आणि मऊ, जाड पॅड हा त्यावरचा उपाय. दुकानात चष्मा लावूनच ऐका. बरेच लोक नकळत काढून ठेवतात.

बर्न-इन, म्हणजे शंभर तास वाजवून ‘मोकळा’ करणं, खरं आहे का?

शंभर तासांत तुमचा कान त्या आवाजाला सरावतो. पॅडही डोक्याच्या आकाराला बसतात. ड्रायव्हरमध्ये ऐकू येण्याजोगा बदल होतो हे मला पटलेलं नाही. परतीची मुदत संपेपर्यंत ‘अजून उघडायचाय’ म्हणत बसू नका.

इक्वलायझर लावणं म्हणजे फसवणूक नाही का?

उलट, अचूकतेकडे जायचा सर्वात स्वस्त रस्ता तोच आहे. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतो. ऑटोईक्यू या प्रकल्पात हजारो हेडफोनांसाठी तयार आकडे आहेत. तुमच्या मॉडेलचे आकडे उचला, पण ३ किलोहर्ट्झच्या वरची दुरुस्ती अर्ध्यावर आणून कानाने ठरवा, कारण ते आकडे दुसऱ्याच कानावर मोजलेले असतात. कुठे ६ डेसिबल चढवलेत तर एकूण पातळी आधी ६ने उतरवा, नाहीतर मोठ्या सुराला आवाज फाटेल.

पूर्ण मिक्सिंग हेडफोनवर करता येईल का?

मी करतो, पण त्याच्या भरवशावर सोडत नाही. स्पीकरवर डावा आवाज उजव्या कानालाही थोडा पोचतो, हेडफोनवर नाही. त्यामुळे डावी-उजवी अंतरं ताणलेली वाटतात आणि सगळी बैठक कपाळाच्या आत भरल्यासारखी वाटते. क्रॉसफीड नावाचं फिल्टर थोडा उजवा डाव्यात, थोडा डावा उजव्यात मिसळून हे सौम्य करतं. गुंजनाच्या, म्हणजे रिव्हर्बच्या, बाबतीत तर हमखास फसायला होतं. हेडफोनवर रिव्हर्बचा बारीक धागाही दिसतो, म्हणून आपण तो कमी घालतो आणि हॉलच्या स्पीकरवर गळा कोरडा पडतो. शेवटी एकदा साध्या स्पीकरवर, एकदा गाडीत, एकदा फोनच्या भोंग्यावर ऐका. माझा डग्गा तिथेच सापडतो किंवा हरवतो.

किती मोठ्या आवाजात ऐकावं?

दोन कारणांनी मध्यम. कानाचा स्वभाव असा की आवाज वाढला की बेस आणि वरची पट्टी जास्त भरते. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी याचे वक्र १९३३ साली मांडले. मोठ्याने मिक्स केलेलं हळू ऐकलं की पोकळ वाटतं. एक पातळी ठरवा, नॉबवर पेनने खूण करा आणि त्याच खुणेवर काम करा.

दुसरं कारण कानाचंच. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते. ९०ला ती ४ तासांवर येते. कानात शिट्टी वाजू लागली तर त्या दिवशीचं काम तिथेच थांबवा.

पॅडचं कातडं सुटायला लागलंय. नवीन हेडफोन घेऊ का?

नको. रेक्झिनचे पॅड आपल्याकडच्या दमट हवेत आणि घामात सोलतातच. मुंबईत, कोकणात जरा लवकर. काळे कपचे कानाला चिकटायला लागले की समजायचं. पॅड दबले की ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि आवाजही बदलतो, म्हणजे तुम्ही ज्यावर भरवसा ठेवला तो हेडफोन हळूहळू दुसराच होत जातो. शक्यतो मूळ कंपनीचे पॅड घ्या. स्वस्तात मिळणारे जाड, मऊ पॅड बसतात छान, पण माझ्या एका हेडफोनची मधली पट्टी त्यांनी साफ खड्ड्यात घातली होती. काम झालं की सुती फडक्याने पॅड पुसा, हेडफोन पंख्याखाली दहा मिनिटं ठेवा आणि मगच डब्यात घाला.